काचेच्या पेटीतले तळे

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत जाण्याचा योग आला. कार्यक्रम आटोपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसलो. खिडकीपाशी टेबलावर दोन फूट लांबीची काचेची पेटी होती. पेटीत पाणी नव्हते, मासेही नव्हते. खडूंचे खोके, जुनी हजेरीपत्रके आणि एक फुटका पृथ्वीगोल असा ऐवज तिच्यात नीट रचून ठेवलेला होता. मी विचारले, "ही तर माशांची पेटी दिसते?" गुरुजी जरा ओशाळले. म्हणाले, "होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेऊन दिली. पोरं नुसती हरखून गेली होती. पण आठ दिवसांत झाडून सगळे मासे गेले. पुन्हा आणले, तेही गेले. मग मी म्हटलं, मुलांना मेलेले मासे तरी किती वेळा दाखवायचे?"

गुरुजींना मी काय सांगणार? माझाही अनुभव अगदी हाच होता. मी भूगोल शिकवतो. प्राणिशास्त्राशी माझा संबंध हौसेपुरता. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिले होते, तेव्हापासून ही हौस मनात होती. ती काही वर्षांपूर्वी मुलीच्या निमित्ताने उफाळून आली. पेटी, वाळू आणि दहा मासे एकाच दिवशी घरी आणले. त्यात चार तर गुबगुबीत गोल्डफिश होते. मासे स्वच्छ राहावेत म्हणून मी दर दोन दिवसांनी सगळे पाणी उपसत असे, वाळू नळाखाली खळखळून धुऊन काढत असे आणि पुन्हा नळाचे ताजे पाणी भरत असे. मुलगी शाळेतून आली की चिमटीचिमटीने खाणे टाकी. नवव्या दिवशी शेवटचा मासा उलटा तरंगू लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी तर किती स्वच्छ होतं. मग मासे मेले कशाने?"

नद्या आणि समुद्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस मी, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ही हकीकत सांगितली, तेव्हा प्रयोगशाळेतले आमचे मामा, जे नदीकाठच्या गावात वाढलेले आहेत, हातातल्या परीक्षानळ्या पुसता पुसता म्हणाले, "सर, वढ्यातलं पानी कोन धुतंय व्हय रोज? तरी तितं मासं जगत्यात न्हवं?"

मामांच्या या प्रश्नाचे उत्तर मिळाले की मुलीच्या प्रश्नाचेही मिळते. ओढ्याचे पाणी कोणी धूत नाही, मग त्यातली घाण जाते कोठे?

शेतकरी बंधूंनो, हे उत्तर तुम्हांला माझ्यापेक्षा लवकर कळेल. पहाटे गोठ्याचे दार उघडले की डोळ्यांना झोंबणारा एक वास येतो. तो वास अमोनियाचा. जनावराच्या मुतात जे नत्र असते, त्याचा अमोनिया होतो. मासा तर आपल्या अंगातले टाकाऊ नत्र बहुतांशी थेट अमोनियाच्याच रूपाने, आणि तेही कल्ल्यांवाटे, चोवीस तास पाण्यात सोडत असतो. उरलेले खाणे कुजले, पान सडले, की त्यातूनही अमोनियाच निघतो. गोठ्याला दार असते, खिडकी असते. काचेच्या पेटीतल्या माशाला आपल्याच गोठ्यात कोंडून घेतल्यासारखे होते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे नितळ असते आणि माशाचे कल्ले मात्र आतून भाजत असतात.

ओढ्यात, तळ्यात, आणि तुमच्या शेतातही, या अमोनियावर जगणारे जिवाणू असतात. त्यांतले एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. हे नायट्राइटही विषारीच. ते रक्तात शिरले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असले तर माशाला बाधत नाही, आणि वनस्पतीला तर ते खतच. तुम्ही पिकाला युरिया देता, त्याचेही जमिनीत पुढे असेच होते. म्हणजे माशाची घाण जिवाणू पचवतात, जिवाणूंनी तयार केलेले खत पाणवनस्पती घेतात आणि उजेडात त्या प्राणवायू सोडतात. ओढ्याचे पाणी धुणारे हात आहेत, फक्त ते दिसत नाहीत.

आता माझ्या हातून काय घडले ते ध्यानात येईल. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. वाळूच्या कणांवर, दगडांवर, पानांवर, काचेवर ते बुळबुळीत थर करून राहतात. मी त्यांचे घरच दर दोन दिवसांनी धुऊन टाकत होतो. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते, आपल्या गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते तेच हे. ते जंतूंना मारते तसेच या उपकारी जिवाणूंना मारते आणि माशांच्या कल्ल्यांनाही जाळते. माणसाला पिण्याजोगे पाणी आणि माशाला जगण्याजोगे पाणी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला दहा मासे मारून कळले.

या विषयाचा एक मनोरंजक इतिहास आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने 1849 साली बारा गॅलन, म्हणजे सुमारे 54 लिटर, पाणी मावेल असे काचेचे भांडे घेतले. आपल्या दोन फुटी पेटीत साधारण तेवढेच मावते. त्यात वाळू, माती, दगड आणि वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. काही दिवस बरे गेले. मग जुनी पाने सडू लागली आणि पाणी गढूळले. त्याने काय केले? पाणी उपसले नाही. तळ्यातल्या काही गोगलगायी आणून आत सोडल्या. त्यांनी सडकी पाने खाल्ली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खायला झाली. मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकमेकांना कसे सांभाळतात याचा वृत्तान्त त्याने 1850 साली प्रसिद्ध केला.

गंमत पुढेच आहे. वॉरिंग्टनला जिवाणूंचे हे काम ठाऊक नव्हते. त्याच्या मुलाचे नावही रॉबर्टच. हा मुलगा पुढे शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि रॉथॅमस्टेडच्या प्रसिद्ध कृषिसंशोधन केंद्रात काम करू लागला. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट होणे हे सूक्ष्म जीवांचे काम असून ते दोन टप्प्यांत होते, हे त्याने शेतातल्या मातीवर प्रयोग करून दाखवले. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढले. बापाच्या माशांच्या पेटीतले कोडे मुलाने शेतातल्या मातीत सोडवले, असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा शेती करणाऱ्याला माशांची पेटी परकी वाटण्याचे काही कारण नाही. ती पाण्याखालची शेतीच आहे.

आता प्रत्यक्ष पेटीकडे वळू.

पेटी शक्यतो दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच घ्यावी. गोल बरणी दिसायला गोजिरी, पण माशाला तुरुंग. पाणी जितके जास्त, तितकी चूक सावरायला उसंत मिळते. या मापाच्या पेटीत 56 लिटर मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी 45 लिटरच्या आसपास राहते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन पाऊण क्विंटलच्या घरात जाते, म्हणून डुगडुगणारे टेबल चालणार नाही. टेबल ओळंब्यात हवे आणि पेटीखाली थर्मोकोलचा सबंध तुकडा हवा, नाही तर तळाच्या काचेला तडा जातो. एकदा भरलेली पेटी जागची हलवायची नाही. खिडकीच्या थेट उन्हातही ठेवायची नाही. ऊन लागले की आठ दिवसांत सगळे हिरवे होते आणि उन्हाळ्यात पाणी तापते ते वेगळेच.

तळाशी इंचभर पोयट्याची माती घ्यावी. शेणखत किंवा रासायनिक खत पडलेली नको. काळी माती तर नकोच. ती पाण्यात फुगते आणि निवळायचे नाव घेत नाही. माती चाळून, दोनतीनदा भिजवून, वर तरंगलेला काडीकचरा फेकून द्यावा. मातीवर दीड-दोन इंच भरड वाळूचा थर द्यावा, पुढच्या काचेकडे कमी, मागे जास्त. ही वाळू मात्र सुरुवातीला एकदाच भरपूर धुवायची. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात, त्यांनी पाणी जड होते. गुरुजींनी हा प्रयोग मुलांसमोर जरूर करावा. वाळूची एक चिमूट बशीत घेऊन तिच्यावर प्रयोगशाळेतल्या विरल आम्लाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसले तर वाळूत चुना आहे, दुसरी वाळू शोधावी.

वनस्पती आपल्या देशातच मुबलक आहेत. हायड्रिला तर शाळेच्या पुस्तकात भेटते. नरसाळे पालथे घालून प्राणवायूचे बुडबुडे गोळा करायचा प्रयोग हिच्यावरच करतात. वॉरिंग्टनची वॅलिस्नेरिया आपल्या नद्या-तळ्यांतही उगवते. तिची पाने हिरव्या फितीसारखी लांब असतात. दुकानातून आणा किंवा जवळच्या तळ्यातून, पण तळ्यातल्या वनस्पतीबरोबर जळवा येतात आणि चतुराच्या अळ्या येतात. या अळ्या लहान मासे धरून खातात. म्हणून पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात वनस्पती दहा मिनिटे बुडवून, मग साध्या पाण्यात खळबळून घ्यावी. दुर्मिळ झाडांना मात्र हात लावू नये. सड्यावरच्या डबक्यांतून काही अशा वनस्पती आहेत की त्या जगात दुसरीकडे कोठे नाहीत.

पेटी निम्मी भरावी, तळाशी बशी ठेवून तिच्यावर पाणी ओतावे म्हणजे माती उकरत नाही. मग रोपे लावावीत. मुळे वाळूत जावीत, पण मुळे आणि पाने जुळतात तो कोंब वाळूच्या वर राहावा. तो गाडला तर सडतो. सुरुवातीलाच दाट लावा. चार काड्या लावून "पुढे वाढतील" म्हणाल तर त्या वाढण्याआधी शेवाळ वाढेल. वर दहाबारा वॉटची एलईडीची नळी दिवसातून आठ तास पुरते. शेवाळ माजले तर उजेड दोन तास कमी करावा. कोपऱ्यात हवेच्या छोट्या पंपावर चालणारा स्पंज ठेवला तर फार चांगले. स्पंज घाण गाळतो आणि जिवाणूंना राहायला जागाही देतो.

पाणी कोणते घ्यावे? नळाचे किंवा टीसीएल टाकलेले असेल तर उघड्या बादल्यांत किमान एक दिवस ठेवून, मधून मधून ढवळून मग वापरावे. नुकतीच पावडर टाकली असेल तर आणखी थांबावे. बोअरचे असेल तर त्यात हवा कमी असते, ते उंचावरून धार धरून ओतावे.

आता सर्वांत अवघड काम. ते म्हणजे काहीच न करणे. पेटी तयार झाली, झाडे लागली, दिवा लागला, आणि मासे आणायचे नाहीत. मुले रोज विचारतील, "सर, मासे कधी?" त्यांना दही कसे लागते ते विचारावे. दुधात विरजण घातले की भांडे हलवत नाहीत, सारखे झाकण काढून बघत नाहीत. तसेच हे. रोज माशांच्या खाण्याची अगदी लहान चिमूट रिकाम्या पेटीत टाकावी. ती कुजते, तिचा अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढू लागतात. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी माशांची पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू किंवा जुन्या स्पंजाचा तुकडा आणावा, हेच खरे विरजण. पहिल्या आठवड्यात पाणी दुधट दिसले तर घाबरू नये आणि ते उपसू तर अजिबात नये. चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत. माशांच्या दुकानात पाणी तपासण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पाणी पिकले असे समजावे. झाडांना नवी पाने फुटली, गोगलगायी काचेवर मजेत फिरू लागल्या, या चांगल्या खुणा आहेत; पण पट्टीची सर त्यांना नाही.

मग मासे कोणते? इथे भूगोलाच्या मास्तरला थोडे बोलू द्या. दुकानात ज्यांना उष्ण पाण्याचे मासे म्हणतात ते साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुखी असतात. पण त्यांचे गाव वेगवेगळे. निळी-लाल रेघ चमकणारा निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. तिथले पाणी अगदी हलके, पालापाचोळा कुजून किंचित आंबट झालेले. आपल्या देशावरच्या बोअरचे जड पाणी त्याला मानवत नाही. कोकणातल्या जांभ्या दगडातले हलके पाणी त्याला त्यातल्या त्यात बरे. गप्पी वेनेझुएला, त्रिनिदाद भागातला. त्याला जड पाणी चालते. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसे त्याला आपल्या गावात घेऊन येतात, त्यामुळे तो तुमच्या ओळखीचा आहे. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा. तो वीतभर वाढतो, झाडे उपटून खातो आणि घाण फार करतो. या पेटीत त्याला आणू नये. मी आणला होता, त्याचा शेवट सांगितलाच.

माझी शिफारस विचाराल तर झेब्रा माशाची. दीड-दोन इंचांचा, अंगावर निळसर पट्टे, दिवसभर पळापळ करणारा. परदेशी दुकानांतही तो मिळतो म्हणून कोणाला परका वाटेल, पण हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतल्या माशांवर 1822 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात याचे प्रथम वर्णन आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो. हिवाळ्यात पाणी 20 अंशांपर्यंत उतरले तरी तो तग धरतो, जड पाण्याचेही त्याला वावडे नाही. मात्र तो कळपाने राहणारा आहे. एकटादुकटा आणू नये, निदान सहा हवेत.

पण सहाही एकदम नकोत. जिवाणूंची संख्या माशांच्या घाणीप्रमाणे वाढते, आणि वाढायला तिला वेळ लागतो. आधी तीन आणावेत, दहा दिवसांनी आणखी तीन. सगळे ठीक दिसले तर पुढे चारपाच गप्पी. दहाअकरा लहान मासे ही या पेटीची कमाल. गप्पी फक्त नर घ्यावेत, नाही तर चार महिन्यांत पेटीत जत्रा भरते. मासे आणलेली पिशवी पंधरावीस मिनिटे पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवावी, पेटीतले थोडे थोडे पाणी तिच्यात घालावे, मग मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी बाहेर ओतावे.

रोजचे काम थोडे आहे. खाणे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच. माझ्या समजुतीप्रमाणे उपासमारीने जितके मासे मरतात त्याच्या कितीतरी पट अधिक मासे लाडाने मरतात. शाळेत चाळीस मुले आहेत आणि प्रत्येकाला वाटते की आपण चिमूटभर टाकावे. म्हणून खाण्याचा डबा कुलपात ठेवा आणि पाळी लावा. आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी रबरी नळीने ओढून काढावे आणि तेवढेच मुरवलेले, साधारण त्याच उष्णतेचे पाणी घालावे. काढलेले पाणी बागेला घाला, त्यात नत्र आहे. स्पंज धुवायचा तर याच काढलेल्या पाण्यात दाबून काढावा, नळाखाली कधीही नाही.

आपल्याकडे खरी परीक्षा हवामानाची. नाशिक-निफाडकडे कडाक्याची थंडी पडते, तिकडे पन्नास वॉटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर लावावा. विदर्भात उलटा त्रास. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच. अशा दिवसांत झाकण काढून वर जाळी घालावी, पेटीच्या बाजूंना ओले फडके लावावे, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हेही होते. वीज दोनचार तास गेली तर भरपूर झाडांच्या आणि थोड्या माशांच्या पेटीला फार फरक पडत नाही. मात्र रात्री झाडेही प्राणवायू वापरतात, हे विसरू नये. पंप रात्री बंद करू नये.

दिवाळीच्या सुट्टीत काय करायचे, असा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. वाढ झालेले मासे आठवडाभर खाण्यावाचून राहू शकतात, त्यांना झाडांवरचे शेवाळ आणि बारीक जीव मिळतात. जास्त दिवसांची सुट्टी असेल तर जवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाकडे काम सोपवावे, पण डबा देऊ नये. एकेका वेळेच्या खाण्याच्या पुड्या बांधून द्याव्यात. डबा दिला की मुले प्रेमाने तो रिकामा करतात.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले तर तो ओरडाच समजा. त्यांना आवाज नाही, एवढेच. ताबडतोब एक चतुर्थांश पाणी बदला, खाणे दोन दिवस बंद करा, कोठे मेलेला मासा किंवा सडके पान अडकले आहे का ते पाहा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो रोग आहे आणि बहुधा नव्या माशाबरोबर आलेला आहे. म्हणून नवा मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच पेटीत घ्यावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. पेटीचा कंटाळा आला, मासे फार झाले, म्हणजे "बिचाऱ्यांना मोकळं करू" म्हणून लोक ते नदीत, विहिरीत, धरणात सोडतात. हे पुण्य नव्हे. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा लहानपणी तीन इंचांचा असतो, पुढे हातभर वाढतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा असाच सोडून दिल्यामुळे देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत माजला आहे. त्याची पाठ चिलखतासारखी, काटे टणक. तो जाळी फाडतो आणि त्याला बाजारात भाव नाही. नुकसान होते ते भोई-कोळी बांधवांचे आणि आपल्या देशी माशांचे. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या शाळेला द्या, पण वाहत्या पाण्यात सोडू नका. पाणवनस्पतींचेही तेच.

त्या शाळेतल्या गुरुजींना मी हे सगळे एका कागदावर उतरवून दिले. त्यांनी खडूंचे खोके कपाटात हलवले. पुढचा दीड महिना पोरे रिकाम्या पेटीला प्रदक्षिणा घालत होती म्हणे. गुरुजींनी एक वही घातली आणि तारीख, पाण्याची उष्णता, पट्टीचा रंग, नवे पान, गोगलगायींची संख्या, असे रोज एकेक मूल लिहू लागले. या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. दोन मासे गेले होते, ते त्यांनी आधी सांगितले. मग म्हणाले, "पण बाकीचे आठ महिने झाले तरी आहेत. आणि एक गंमत केली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एका ट्रेमध्ये मुलांच्या खेळायच्या गोट्या अंथरल्या आणि दोन झेब्रे रात्रभर तिथं ठेवले." झेब्रा मासा आपलीच अंडी खातो. गोट्यांच्या फटींत अंडी पडली की ती वाचतात. मुलांनी सकाळी मासे उचलून ट्रेमधली अंडी काढली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाने डोळा लावून पाहिले. टाचणीच्या टोकाएवढ्या पारदर्शक अंड्यात हृदय ठोके देत होते. "ज्या मुलांना मी मेलेले मासे दाखवून दमलो होतो," गुरुजी म्हणाले, "ती रांगेतून हलायला तयार नव्हती."

तुमच्याही शाळेत अशी एखादी पेटी माळ्यावर धूळ खात पडली असेल. ती खाली काढा. मात्र लगेच मासे आणायला धावू नका. आधी माती आणि वाळू, मग झाडे, मग महिना-दीड महिन्याचा दम, आणि सर्वांत शेवटी मासे. हा क्रम मोडला नाही तर वॉरिंग्टनचे तळे तुमच्या वर्गातही नांदेल.